विहिरीतला कंदील आणि समुद्र

आमच्या घरामागच्या विहिरीतला गाळ काढायचा होता, त्या सकाळी आबाजींनी मजुरांना काठावर बसवून ठेवलं आणि आधी कंदील मागवला. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. विहिरीचं पाणी प्यायच्या कामाचं नव्हतंच, ते भांड्यांना आणि गुरांच्या अंगावर घालायला. तरी गाळ काढावा लागायचा.

आबाजींनी कंदिलाच्या कडीला दोर बांधला, वात वर केली आणि तो हळूहळू आत सोडला. एक परस. दोन परस. तिसऱ्या परसाच्या जरा आधी ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि गेली. वारा नव्हता, कोणी फुंकर मारली नव्हती. आबाजी म्हणाले, "आज नाई." चौघा मजुरांना त्यांनी दिवसाची मजुरी दिली आणि परत पाठवलं. आजी संध्याकाळपर्यंत कुरकुरत होती, काम नाही आणि पैसे मात्र गेले म्हणून.

(एक सांगून ठेवते. कंदिलावर विसंबून कोणी विहिरीत उतरू नये. काही विषारी वायू असे असतात की ज्योत जळत राहते आणि माणूस पडतो. कंदील फक्त हवेतला प्राणवायू कमी झाल्याचं सांगतो, बाकीचं काही सांगत नाही.)

हे सगळं मला आठवलं ते अमरावतीला एम.एस्सी. करताना, प्रॅक्टिकलच्या टेबलावर. वडाळी तलावाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा होता. पद्धत जुनी आहे, लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली काढलेली. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. आधी मँगनीजचा क्षार घालायचा, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. जितका जास्त प्राणवायू तितका गडद. अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. आमच्या बाटलीत फिकट तपकिरी आला. सर म्हणाले, "अरबी समुद्राच्या काही थरांतलं पाणी घेतलं ना, तर पांढरा येईल." मला ते खरं वाटलं नाही. एवढा मोठा समुद्र, वर एवढा वारा आणि लाटा, आणि खाली कंदील विझतो?

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबरात, आम्ही कॉलेजच्या सहलीने गोव्याला गेलो होतो. कांदोळीच्या किनाऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि बाकीच्या वऱ्हाड्यांसारखीच कपड्यांसकट आत शिरले. पाणी खारं लागलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हे तर आपल्या गावचंच!" खूप हसलो. पुढे वाचताना कळलं की त्याच किनाऱ्यासमोर, सुमारे दहा किलोमीटर आत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं एक ठरलेलं ठिकाण आहे. १९९७ पासून तिथे पुन्हा पुन्हा जाऊन वेगवेगळ्या खोलींवरचं पाणी काढून मोजलं गेलं आहे. समुद्र तिथे जेमतेम २७ मीटर खोल आहे. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरत नाही. काही वेळा तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सापडतो. आम्ही वर नाचत होतो त्या दिवसांतच खाली हे चाललेलं असतं.

ते कसं होतं हे थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे.

अरबी समुद्रात शे-दीडशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत प्राणवायू फार कमी असलेल्या पाण्याचा प्रचंड थर कायमचाच आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्याला खालचं पाणी वर सरकतं आणि किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढतं. केरळकडे आधी, मग हळूहळू उत्तरेकडे. हे पाणी प्राणवायूत गरीब असतं, पण नायट्रेटसारख्या पोषकांनी भरलेलं असतं. त्याच्या जोरावर वर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर तारली आणि बांगडा पोसले जातात. म्हणजे कोकण-गोव्याच्या ताटातला मासा याच पाण्याचं देणं आहे. पण माजलेलं सगळं खाल्लं जात नाही. उरलेलं मरून तळाला जातं, जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना उरलासुरला प्राणवायू वापरतात. वरून नवा यायला हवा, तर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसलेला असतो. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेट वापरायला घेतात, घरातले गहू संपले की आपण ज्वारीच्या कणगीकडे वळतो तसं. नायट्रेटही संपलं की सल्फेट, आणि मग तो वास. नायट्रेट वापरण्याच्या वाटेवर नायट्रस ऑक्साइड तयार होतो. हवा तापवण्यात तो किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरदार आहे.

इथपर्यंत हे निसर्गाचं काम आहे. कार्ल बान्से या समुद्रवैज्ञानिकाने १९५९ साली लिहून ठेवलं होतं की कोचीनजवळ असं पाणी उथळ भागावर चढलं की तळाचे मासे तिथून निघून जातात आणि ट्रॉलरची जाळी रिकामी येतात. १९५९ साली आपल्याकडे युरियाची बॅग किती जणांनी पाहिली असेल? हरितक्रांती अजून यायची होती.

पण २००० साली एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक निबंध छापला. पश्चिम किनाऱ्यावरचा हा प्राणवायूहीन पट्टा नैसर्गिकच आहे, पण तो तीव्र होतो आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. उघड्या किनारी समुद्रात तोवर कुठेच मोजला गेला नव्हता इतका हायड्रोजन सल्फाइड आणि नायट्रस ऑक्साइड त्यांना मिळाला होता. नायट्रस ऑक्साइड वाढण्यामागे माणसाने घातलेलं जादा नायट्रेट असण्याची शक्यता त्यांनी मांडली. जमिनीवरून येणारं नायट्रेट. म्हणजे खत, सांडपाणी, धूर. पुढे या चित्रात आणखी रेषा आल्या. २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसलं की हिंदी महासागराच्या तापमानाचा झोका एका बाजूला गेला, ज्याला पॉझिटिव्ह इंडियन ओशन डायपोल म्हणतात, की त्या वर्षी किनाऱ्यावर प्राणवायू पार संपण्याची वेळ येत नाही. म्हणजे एखादं वर्ष वाईट गेलं तर त्यात खताचा हात किती आणि वाऱ्याचा किती हे वेगळं काढणं फार अवघड आहे. दुसरीकडे, जगभरच्या समुद्रांनी १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत आपला सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला आहे. त्याचं एक कारण साधं आहे, पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो.

मी हे सगळं सुट्टीत घरी बाबांना सांगितलं. आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. सहा एकर पऱ्हाटी, बारा बॅगा युरिया, एकरी दोन. मी हिशोब आधीच करून ठेवला होता. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, बॅग ४५ किलोची, म्हणजे बॅगमागे २०.७ किलो. बारा बॅगांचं झालं २४८. त्यातलं निम्मं जरी झाडाने घेतलं तरी बाकीचं हवेत उडतं, मातीत झिरपतं किंवा पावसाबरोबर नाल्यात जातं. नाला पूर्णेला, पूर्णा चांगदेवला तापीला, तापी सुरतेच्या पुढे समुद्राला.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "इथं आमाले प्याले गोडं पाणी नाई, अन् तू मले मासोयांचं सांगून रायली?"

मी गप्प बसले. त्यांचं उत्तर चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर माझा हिशोब नकाशावर सरळ उतरतच नाही. चांगदेवच्या संगमाखाली लगेच हतनूरचं धरण आहे, पुढे गुजरातेत उकाई. आमच्या वावरातलं बरंचसं तिथेच अडत असेल, गाळात बसत असेल. जे सुरतेला पोहोचतं ते खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, तो वाईट पट्टा मात्र मुख्यतः त्याच्या दक्षिणेला. आणि किनाऱ्यावर चढणारं बहुतेक नायट्रेट तर खालून येणाऱ्या पाण्याचंच असतं. आमच्या अमरावती जिल्ह्याची तर गंमत अशी की पश्चिमेच्या तालुक्यांचं पाणी पूर्णेतून अरबी समुद्राला जातं आणि पूर्वेच्या तालुक्यांचं वर्धेतून गोदावरीला, तिथून बंगालच्या उपसागराला. तिवस्याचा शेतकरी आणि दर्यापूरचा शेतकरी एकाच दुकानातून एकच युरिया घेतील, तरी एकाचं पाप एका समुद्राला आणि दुसऱ्याचं दुसऱ्याला. असली पापाची वाटणी कोणत्या चित्रगुप्ताला जमेल?

तर प्रश्न असा. एखादी हानी अशी आहे की ती निसर्गही करतो, माझ्यासारखे कोट्यवधी लोकही करतात, आणि माझा वाटा काढायला गेलं तर तो शून्याच्या इतका जवळ येतो की मोजणारं यंत्र सापडणार नाही. तरी मी काही देणं लागते का?

पहिली पळवाट, "निसर्ग करतोच आहे." ही मला सगळ्यात कच्ची वाटते. घरात दमेकरी म्हातारा आहे, त्याला दमा कोणी दिलेला नाही. म्हणून त्याच्या खाटेशेजारी बसून विडी ओढावी का? तो आधीच काठावर आहे म्हणून तर जास्त जपायचं. या किनाऱ्याचंही तसंच आहे. दरवर्षी तो आपणहून काठापर्यंत जातो. थोडं काही वर टाकलं तर त्याचा तोल कुठे जाईल हे सांगता येत नाही.

दुसरी पळवाट जास्त चिवट आहे. "माझ्या एकटीने काय होतं?" डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ साली 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात यावर एक भयानक कल्पना मांडली आहे. हजार छळ करणारे आणि हजार कैदी. पूर्वी प्रत्येक छळ करणारा एकेका कैद्याच्या यंत्राची कळ हजार वेळा फिरवायचा. प्रत्येक वेळेचा फरक कैद्याला जाणवत नसे, पण शेवटी वेदना असह्य होत. आता व्यवस्था बदलली. प्रत्येक जण एकच बटण दाबतो आणि त्याने हजारही कैद्यांची कळ फक्त एकेक घर पुढे जाते. शेवट तोच, पण आता प्रत्येक जण हात झटकून म्हणू शकतो की मी कोणालाच जाणवेल असं काही केलं नाही. पार्फिटचं म्हणणं असं की असं हात झटकता येत नाही. माझी कृती एकटी काय करते एवढंच विचारून भागत नाही, आपण सगळे मिळून काय करतो हेही विचारावं लागतं.

हे वाचून मी काही दिवस भारावून गेले होते. मग धुऱ्यावरचे बाबा आठवले आणि गाडी अडली. पार्फिटच्या गोष्टीत बटण दाबणारे सगळे सारखे आहेत. आमच्या गोष्टीत नाहीत. एक जण पोरीच्या फीसाठी दाबतो. एक जण खोली अठरा अंशांवर थंड करून पांघरूण घेण्यासाठी दाबतो (मी अकोल्यातल्या भाड्याच्या खोलीत मे महिन्यात हे केलं आहे, बाहेर ४५ होतं). शहरं सांडपाणी सोडून दाबतात. आणि सगळ्यात मोठा हात मोसमी वाऱ्याचा, त्याला तर कोणी विचारायलाही जाऊ शकत नाही. अशा गर्दीत "आपण सगळे" म्हटलं की ऐकायला बरं वाटतं, पण शेवटी ज्याला रागावणं सोपं त्यालाच रागावलं जातं. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला उपदेश करणं फार सोपं आहे. त्याला सगळेच करतात.

आजी श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगायची. तुमच्याही घरी कोणी सांगितली असेल. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटतात, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोक घाबरून वासरांचं, पोरांचं तोंडचं दूध आणून ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने आधी घरच्यांना पाजलेलं असतं, वासरांना पाजलेलं असतं, मग उरलेलं खुलभर दूध ती आणते. गाभारा भरतो. लहानपणी मला ही कहाणी भक्तीची वाटायची. आता ती वाटपाची वाटते. म्हातारीच्या दुधाचं माप इतरांपेक्षा कमीच होतं. तिने फक्त क्रम चुकवला नव्हता, आधी कोण आणि मग कोण. पार्फिट वाटे मोजून थांबत नाही हे खरं, पण वासराच्या तोंडून काय काढलं हे त्याच्या गोष्टीत येत नाही.

युरियाची किंमत बघा. ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना. तुमच्या-माझ्या फोनचा महिन्याचा रिचार्ज त्याहून फारसा कमी नाही. बारातल्या तीन बॅगा कमी केल्या तर बाबांचे वाचणार जेमतेम आठशे रुपये. आणि त्यामुळे पऱ्हाटी पिवळी पडून दोन क्विंटल कापूस कमी आला, तर क्विंटलला सात-साडेसात हजारांच्या भावाने किती गेले? मी त्यांना "तुमच्याच फायद्याचं आहे" असं सांगू शकले असते. असं सांगायची पद्धत आहे. शेतकऱ्याला काही पटवायचं असेल तर त्याचा फायदा दाखवा म्हणतात. पण ते अर्धं खोटं झालं असतं, आणि बाबांना गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं. दोन दिवस त्यावर विचार केला. फायद्याचं सांगून काम होत असेल तर तसं करावं, की समुद्राचं सांगून हसू करून घ्यावं? हसू आधीच झालं होतं, त्यामुळे निर्णय सोपा गेला.

आबाजींनी कंदील सोडला तेव्हा विहिरीतला वायू कोणी आणला, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी तो नक्कीच आणलेला नव्हता. चौघं उतरणार होते, एवढं कारण पुरलं. आणि ज्योत विझल्यावर त्यांनी दिवसाची मजुरी स्वतःच्या खिशातून दिली, ती उतरणाऱ्यांवर टाकली नाही. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, आणि ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. समुद्राच्या बाबतीत उतरणारे कोण ते माहीत आहे. तळाचे मासे, खेकडे, कोळंबी, ज्यांना पळता येत नाही ते सगळे, आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं. कंदील सोडणारेही आहेत, कांदोळीसमोर बाटल्या भरणारे. मजुरी कोणाच्या खिशातून जायची, एवढंच ठरलेलं नाही. बाबांच्या खिशातून जाऊ नये एवढं मला पक्कं कळतं. माझ्या खिशातून किती, ते अजून नीट कळत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनीच विषय काढला. "मंग यंदा किती बॅगा आणू, ते सांग."

मी म्हटलं, "बाराच आणा. पण दोनदा नका टाकू, तीनदा टाका. अन् मोठा पाऊस सांगितला असेल तर त्याच्या आधी नका टाकू." झाडाला हवं ते झाडाला मिळू दे, धुऱ्यावरून वाहून जातं तेवढंच वाचवायचं, असा माझा विचार होता. खुलभर दुधाचा हिशोब म्हणा.

"तिसऱ्या खेपेची मजुरी कोण देते?"

"मी देते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, पगार कधी होतो आणि कधी होत नाही, हे त्यांना माहीत आहे. दोन बायांची दोन दिवसांची मजुरी फार नसते, पण नसतेच असंही नाही. याने समुद्राला काही फरक पडेल असं मला वाटत नाही. हतनूरच्या गाळालाही पडणार नाही. तरी पैसे दिले तेव्हा हिशोब निदान योग्य घरात लिहिला गेला असं वाटलं. हे तत्त्वज्ञानात बसतं की नाही मला सांगता येणार नाही. एक मित्र म्हणाला, "तू स्वतःचं समाधान विकत घेतलंस, तेही स्वस्तात." असेल. त्याचं तोंड बंद करेल असं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त एवढं, की समाधान झालेलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी बाबांचा फोन आला. दोन दिवस धो धो पाऊस सांगितला होता म्हणून तिसरी खेप थांबवली, बॅगा ओसरीत पडून आहेत, आणि आता वाफसा येईपर्यंत झाड खताविना राहणार. आवाजात थोडा राग होता. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "अन् तुह्या त्या समुद्राचं काय झालं? कंदील इझला का?"

मी म्हटलं, "अजून वेळ आहे बाबा. ऑक्टोबरात कळते."